समोरचाही शिकतो आहे

ठाणे

चि. ऋजुता,


तुझी सिनॉप्सिस वाचली. नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारं मॉडेल, अचूकता 99 टक्के, आणि अगदी शेवटी एक ओळ : 'पुढील काम – गेम थिअरी'. मेहनत दिसते. पण ती शेवटची ओळ उचलून पहिल्या पानावर आण, हे सांगायला हे पत्र.

आधी ते 99 टक्के. तुझा केडीडी कप 99 हा डेटासेट ज्या नोंदींवरून बेतला, त्या 1998 मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीनं अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल उभारून जमवल्या होत्या. त्यात दर पाच नोंदींमागे जवळपास चार हल्ल्याच्या आहेत. आमच्या बँकेत असं प्रमाण असतं तर दुपारपर्यंत शटर ओढावं लागलं असतं. समज, दिवसाला 10 लाख नोंदी येतात आणि खरे हल्ले 20 आहेत. तुझं मॉडेल 99 टक्के हल्ले पकडतं आणि निर्दोष नोंदींपैकी फक्त 1 टक्क्यावर उगाच ओरडतं. वीसच्या वीस सापडले असं धरलं, तरी सोबत 10 हजार खोटे अलर्ट आले. पाचशे उघडावेत तेव्हा एक खरा! रात्रपाळीचा मुलगा थोड्याच वेळात न वाचता अलर्ट बंद करायला लागतो. स्टेफान ॲक्सेलसन या संशोधकानं हे गणित 1999 मध्येच मांडलं होतं. तेव्हा तुझ्या तक्त्यात अचूकतेच्या आधी 'शंभर अलर्टमागे खरे किती' हा रकाना घाल.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पावसाचा अंदाज वाचून पाऊस आपली वेळ बदलत नाही. तुझं मॉडेल ज्याला पकडू पाहतं, तो मात्र बदलतो. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखण्याच्या सांख्यिकी पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला. असे फिल्टर रुळले, तसे स्पॅम पाठवणारे मजकुरात साधे, सभ्य शब्द पेरू लागले. फिल्टर शिकला होता, पण कालच्या स्पॅमवर. 2004 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले नीलेश दळवी, पेद्रो डोमिंगोस आणि त्यांचे सहकारी यांनी ही चढाओढ सरळ दोघांचा खेळ म्हणून मांडली : समोरचा कमीत कमी खर्चात आपल्याला कसा चकवेल हे आधी काढायचं आणि ते गृहीत धरून फिल्टर बांधायचा. तो शोधनिबंध या आठवड्यात वाच.

गेम थिअरीच्या गणिताला बिचकू नकोस. वहीच्या अर्ध्या पानात मावेल असं उदाहरण देते. दोन सर्व्हर आहेत. पेमेंटचा फुटला तर 4 लाखांचं नुकसान, दुसरा फुटला तर 1 लाखाचं. रात्री एकाचेच लॉग नीट तपासण्याइतकी माणसं आहेत; तपासलं तर हल्ला सापडतो. रोज पेमेंटवर बसलीस, तर तुझी सवय पाहून हल्लेखोर दुसरा फोडतो : 1 लाख गेले. निम्म्या रात्री इथे, निम्म्या तिथे केलंस, तर तो पेमेंटवर येतो : सरासरी 2 लाख. पण रोज सोडत काढून पाचात चार या प्रमाणात पेमेंटवर बसलीस, तर तो कुठेही आला तरी सरासरी नुकसान 80 हजारच. त्याला प्रमाण कळलं तरी चालेल. आजची रात्र कळता कामा नये.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मिलिंद तांबे यांच्या गटानं याच विचारावर घडवलेली 'आर्मर' ही प्रणाली 2007 पासून लॉस एंजेलिस विमानतळावर वापरात आली. रस्त्यांवर तपासणी नाकी कधी आणि कुठे लावायची, श्वानपथकं कोणत्या टर्मिनलला पाठवायची, हे ती ठरवून देत असे. टेहळणी करणारा आधी पाहतो आणि मग हल्ला करतो, हे तिच्या गणितातच धरलेलं होतं.

आता सावधगिरी. माझ्या उदाहरणातले 4 आणि 1 मी मनानं घातले. खऱ्या कामात ते आकडे कोणत्याही अल्गोरिदममधून निघत नाहीत. ज्यांचे सर्व्हर आहेत त्यांच्यासमोर बसून विचारावे लागतात. शिवाय तुझं नुकसान आणि त्याचा फायदा सारखेच असतील असं नाही. कुणाला पैसे हवेत, कुणाला नुसती बदनामी. आकडा चुकला तर उत्तर कितीही सुबक असलं तरी गस्त भलत्या दारावर जाते. म्हणून आकडे थोडे हलवून पाहा, आणि उत्तर किती ढळतं ते लिही.

एवढं कर : केडीडीचा डेटासेट फक्त सरावाला ठेव आणि खऱ्या नेटवर्कच्या अलीकडच्या नोंदी मिळव. मॉडेल जुन्यांवर शिकव, नंतरच्यांवर तपास. सगळ्या पिसून वाटू नकोस. समोरच्याला काय माहीत आहे, काय परवडतं, काय हवं आहे, हे एका पानात लिही. मग मॉडेल गोठवून वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाच्या हाती दे आणि ते चकवायला सांग. चकवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे छाप.

दुसरा आकडा 99 पेक्षा बराच खाली येईल. व्हायव्हात कुणी त्यावरून टोकलं, तर खाली का आला हे फळ्यावर मांडून दाखव. ते जमलं, तर तुझा विषय तुला आला.

आईला नमस्कार सांग. सुधारलेली सिनॉप्सिस गाईडना देण्याआधी मला पाठव.

तुझी,
सुधामावशी