दीड अंकाची वाट

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसने दाखवलेल्या अक्षांश-रेखांशांवरून कुणीतरी लपवलेली डबी शोधून तिच्यातील वहीत नाव नोंदवण्याचा खेळ होय. वाटेची अवघडता त्यात १ ते ५ अशा अंकांत सांगितली जाते आणि तो अंक डबी लपवणाराच ठरवतो, ही खरी मेख आहे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील सॅन गॅब्रिएल डोंगरांत २००९ च्या ‘स्टेशन फायर’ या वणव्याने सुमारे १,६०,००० एकर रान जाळले. त्याच डोंगरांतल्या बिग टुहुंगा परिसरातील ज्या डबीसाठी प्रस्तुत लेखक वाट पुन्हा खुली झाल्यावर गेला, तिचा अंक मात्र वणव्याआधीचाच, म्हणजे दीड, राहिला होता.

जळालेल्या चॅपरलमध्ये, म्हणजे तेथील काटक झुडपी रानात, पूडल-डॉग बुश हे जांभळ्या फुलांचे झुडूप माजते. त्याच्या लवेने अंगावर फोड येतात. पण सह्याद्रीतील खाजकुइली जशी लगेच बजावते, तसा प्रामाणिकपणा त्याच्यात नाही, कारण दाह पुष्कळदा अर्ध्या ते दोन दिवसांनी उठतो. लेखकाच्या उजव्या तळहातापासून कोपरापर्यंत फोड उठले ते दुसऱ्या रात्री, आणि उलगडा झाला तो वितळून गोळा झालेल्या डबीचे छायाचित्र पुराव्यादाखल पाठवण्यापूर्वी मोठे करून पाहताना: डाव्या हाताने टिपलेल्या त्या चित्रात, घसरणीवर आधार म्हणून उजव्या मुठीत आवळलेला बुंधा नेमका त्याच झुडपाचा होता.

डबी लपवणाऱ्या गृहस्थांनी उत्तर पाठवले की डबी जागेवरच आहे, शोधणाऱ्याची नजर कच्ची आहे. वणव्यानंतर आपण तिकडे फिरकलो नाही, हेही त्यांनी पुढच्याच वाक्यात लिहिले.

म्हणून डबीचे वर्णन वणव्याआधीचे की नंतरचे, हे प्रथम ताडून पाहावे, पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत आणि परतल्यावर ते कपडे वेगळे धुवावेत. जळक्या खोडांजवळ पाय टाकू नये, कारण मुळे जळून खाली पोकळी राहिलेली असते. उभ्या कड्यांवरून जीपीएसचे संकेत परावर्तित होऊन यंत्रावरील बिंदू भटकतो, तेव्हा त्याच्यामागे उतार चढणे व्यर्थ होय. जळालेल्या झुडपांतील मेणचट द्रव्यामुळे माती पाणी शोषत नाही व पावसात चिखल-दगडांचा लोंढा सुटतो (फेब्रुवारी २०१० मध्ये याच डोंगरपायथ्याच्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिजमध्ये तो घरांत शिरला), त्यामुळे ढग दाटताच मागे फिरावे. पाणी भरपूर न्यावे, घरी सांगून जावे, हे आहेच.

खेळाच्या संकेतस्थळावरील लेखकाची ‘सापडली नाही’ ही नोंद गृहस्थांनी पुढे पुसून टाकली; दीड हा अंक तेवढा त्यांनी तसाच ठेवला.