सहीआधी अर्ज

पोरी, लेक माहेरी परतली की आपल्या नगरच्या केडगावात आधी पाहुणे गोळा होतात आणि वकील सगळ्यात शेवटी आठवतो. मामा येतो, सासरकडचे दोन जाणते येतात, चहा होतो आणि कुणाच्या तरी पिशवीतून स्टॅम्प पेपर निघतो. दोघांनी राजीखुशीनं फारकत घेतली, पोटगीचा हक्क सोडला, मूल आईकडे. त्यावर सही करू नकोस. नोटरीचा शिक्का असला तरी तेवढ्यानं लग्न मोडत नाही. काही समाजांत फारकतीची जुनी रूढी आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती राखलीही आहे, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते आणि ते अवघड असतं. असल्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्नच बेकायदा ठरू शकतं. आणि मुलाची पोटगी तर मुलाची आहे. ती आईनं लिहून दिली म्हणून बुडत नाही.

दुसरं, थांबू नकोस. नवरात्र होऊ दे, देवीची ओटी भरू, दिवाळीत तो न्यायला येईल, असं म्हणत वर्ष सरतं आणि पोरीचा खर्च बाप सोसतो. सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणजे अर्जाआधी घरात बसून काढलेल्या महिन्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. समेटाची बोलणी खुशाल चालू ठेव, पण अर्ज टाकून. अर्ज केला म्हणजे घर मोडलं, ही समजूत खोटी आहे. कौटुंबिक न्यायालयावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचं बंधनच आहे, त्यासाठी समुपदेशक असतात. सासर पुण्याचं असो की मुंबईचं, तू इथं राहतेस तर पोटगीचा अर्ज आणि घटस्फोटाचा दावा नगरला करता येतो. पोटगीचं जुनं कलम १२५ आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत १४४ झालं आहे. ते सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आपल्या मुस्लिम शेजारणींनाही.

आता उत्पन्नाचं. नोकरदार असला तर पगाराची स्लिप असते. शेतकरी असला की ‘कांद्यात काही उरलं नाही’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून सातबारा काढून ठेव, नेप्तीच्या बाजारातल्या कांदापट्ट्या सापडल्या तर त्याही. रजनेश-नेहा खटल्याच्या त्याच निकालानं दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि शेतीवाल्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही दिला. त्यात तूही खरंच लिही. स्वतःची शिवणकामाची कमाई लपवलीस आणि ती उघडी पडली, तर खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या, फोटो आईच्या ट्रंकेतून आजच काढ. स्त्रीधन तुझंच आहे.

हुकूम झाला आणि पैसे थकले, तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत कर. त्याहून जुन्या थकबाकीसाठी वॉरंट मिळत नाही. पुष्कळ बायका भिडेपोटी इथंच मार खातात.

मुलाबद्दल मला जास्त कळकळीनं सांगायचं आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो, पण कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं आणि ताब्याचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलतो. पोटगी आली नाही म्हणून बापाची भेट अडवू नकोस. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भेट अडवणारी आई कोर्टाच्या नजरेतून उतरते. शाळेच्या फाटकावरून मूल पळवणारा बापही उतरतो. पोराला ‘बाबा काय म्हणाले’ विचारू नकोस, निरोप त्याच्या हाती देऊ नकोस. फी, दवाखाना, सुट्ट्या कुणाकडे, राखी-दिवाळी कुणाकडे, हे संमतीच्या अर्जात तपशिलानं लिहून घे. संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढे उभं राहावं लागतं. त्या दुसऱ्या तारखेपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं, म्हणून सगळे हक्क पहिल्याच दिवशी सोडून मोकळी होऊ नकोस.

मुलाकडच्यांनो, तुम्हालाही एकच सांगते: पोटगी रोख देऊ नका, बँकेतून द्या. पुरावा तुमच्याच उपयोगी पडतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि मुलाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. नगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.