गवताचं छप्पर, पत्र्याचं छप्पर

मेसमध्ये टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या लागल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गरिबाला फुकट पैसे दिले की तो दारूत घालवतो." बोलणारा तेवढं बोलून आणखी एक पोळी वाढून घेतो आणि विषय संपतो. मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी हाच विषय घेतला तेव्हा सर म्हणाले, "मत नको, मोजमाप दाखव." त्यासाठी जे वाचलं, ते इथे मांडतो आहे. मी पडलो सिव्हिलचा, त्यामुळे अर्थशास्त्रातसुद्धा माझी नजर छपरावर गेली, हे वाचकांनी समजून घ्यावं!

गोष्ट पश्चिम केनियातली आहे. व्हिक्टोरिया सरोवराजवळ सियाया नावाची काउंटी आहे (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा). मक्याची छोटी छोटी शेतं, मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. एम.आय.टी. आणि हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था इथे गरीब कुटुंबांना थेट पैसे देते. गाय नाही, शिलाई मशीन नाही, प्रशिक्षण नाही, अटही नाही. फक्त पैसे. गरीब कोण हे ठरवायला त्यांनी सुरुवातीला उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, घराकडे वर बघितलं. गवताचं छप्पर असेल तर कुटुंब पात्र. इतका सोपा निकष आपल्या एखाद्या कचेरीला सुचेल का, कोण जाणे.

पैसे मोबाईलवर जातात. केनियात एम-पेसा ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. साधा फोन असला तरी मेसेज येतो आणि गावच्या दुकानातला एजंट रोख रक्कम मोजून देतो. मध्ये साहेब नाही, शिफारस नाही.

आता मोजमाप. २०११-१२ मध्ये रारिएडा भागात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी या मदतीचा अभ्यास केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला पैसे मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर ठरवलं, म्हणजे मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना सरळ करता येते. आपण लॅबमध्ये कंट्रोल सॅम्पल ठेवतो, तसंच. काहींना २५,२०० शिलिंग मिळाले, काहींना ९५,२००. काही महिन्यांनी पाहिलं तेव्हा खाण्यापिण्यासकट घरखर्च वाढला होता, गुरंढोरं वाढली होती. आणि मेसमधल्या त्या वाक्याचं काय? दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. संशोधकांनी लोकांच्या लाळेचे नमुने घेऊन ताणाचं संप्रेरकसुद्धा मोजलं. त्यात सरासरीने फरक दिसला नाही, पण लोकांनी स्वतः सांगितलेलं समाधान मात्र वाढलं होतं.

सगळ्यात ठळक फरक दिसला तो छपरात. पैसे न मिळालेल्या घरांपैकी साधारण १६ टक्क्यांवर पत्रे होते. मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २३ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं. हे वाचताना मला आमच्या गावाकडची शाकारणी आठवली. आजी सांगायची की वैशाख लागला की गवत, सुंभ, माणसं, सगळ्यांची जमवाजमव करायची. नाही केली तर मृगात घरभर पातेली मांडायची. सियायात तर वर्षातून दोनदा पावसाळा येतो. तिथेही गवत वर्ष-दोन वर्षांत बदलावं लागतं, पत्रा दहा वर्षांच्या पुढे टिकतो. म्हणजे हिशोब केला तर गवताचं छप्परच महाग! मग गरीब माणूस पत्रा का घालत नाही? त्याला हिशोब कळत नाही म्हणून नव्हे. पत्र्याचे पैसे एकदम लागतात आणि ते एकदम कधी हातात येतच नाहीत. अर्धं छप्पर विकत घेता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा गाभा इथेच आहे. त्याच प्रयोगात २५,२०० शिलिंग काहींना एकरकमी दिले होते आणि काहींना महिन्याला २,८०० असे नऊ हप्त्यांत. रक्कम तीच. पण हप्तेवाल्यांच्या घरी जेवणाची ददात जास्त कमी झाली, तर एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. दोन्ही चांगलंच, पण दोन्ही एकच नाही. होस्टेलवाल्यांना हे समजावून सांगायला नको. घरून महिन्याला येणाऱ्या पैशांत मेसचं बिल भागतं, ॲडमिशनची फी भागत नाही.

याच संस्थेने पुढे केनियात आणखी मोठा प्रयोग मांडला. १९५ गावांपैकी काहींना बारा वर्षं दरमहा, काहींना दोन वर्षं दरमहा आणि काहींना दोन वर्षांचे पैसे एकदम. २०२३ मध्ये त्याचे निकाल आले. एकदम पैसे मिळालेल्या गावांत छोटे धंदे जास्त निघाले. दोन वर्षंच दरमहा मिळणार होते, तिथे तेवढे निघाले नाहीत. पण ज्यांना बारा वर्षांची खात्री होती त्यांनी काय करावं? त्यांनी भिशी लावली! दर महिन्याला सगळ्यांनी थोडे काढायचे आणि पाळीपाळीने एकाने उचलायचे. हप्त्याची एकरक्कम त्यांनी स्वतःच करून घेतली. आपल्याकडे जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले, तेव्हा आमच्या मेसच्या मावशींनीही तेच केलं. मी विचारलं, "मावशी, पैसे कशाला ठेवताय?" तर म्हणाल्या, "अरे, सुटे राहिले की सुटेच जातात."

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न सेमिनारला विचारला गेला. एका गावात इतका पैसा ओतला तर भाव नाही का वाढणार? शंका रास्त आहे. त्याचं उत्तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळतं. सियायातली ६५३ गावं, १०,५०० हून जास्त कुटुंबं, प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर. भाव वाढले सरासरी ०.१ टक्का. आणि दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. पैसे न मिळालेल्यांचंही उत्पन्न वाढलं, कारण मिळालेल्यांनी खर्च केला तो शेजारच्याच दुकानात, सुताराकडे, गिरणीत. गिरणीवाला आधी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असायचा. आता तेवढ्याच मशीनवर जास्त दळण निघालं, मग भाव कशाला वाढतील? मेकॅनिकलवाल्यांना हा मुद्दा लगेच पटला.

पण रोख पैसा म्हणजे जादू, असं मी म्हणणार नाही. पैशाने डॉक्टर विकत घेता येतो तो जवळपास असेल तरच. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते त्याच गावांवरच्या २०२५ मधल्या अभ्यासात. पैसे मिळालेल्या कुटुंबांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी झाले. आकडा वाचून मी पान पुन्हा पाहिलं. मात्र हा परिणाम मुख्यतः दिसला तो डॉक्टर असलेलं रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं तिथे, आणि पैसे बाळंतपणाच्या सुमाराला हातात आले होते तेव्हा. बाळंतपणं रुग्णालयात होऊ लागली, हे एक कारण. दुसरं मला तरी सुचलं नसतं. पैसे मिळालेल्या बायकांनी पोटुशेपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लगेच शेतात आणि मजुरीला जाणं साधारण निम्म्यावर आणलं होतं. म्हणजे त्या पैशांतून त्यांनी थोडी विश्रांती घेतली.