एका स्वल्पविरामाची किंमत

व्याकरणाच्या तासाला विरामचिन्हे सुरू झाली की आम्हां विद्यार्थ्यांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. माझेही जात असे. परंतु एका स्वल्पविरामाने मला असा धडा दिला, की तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करीत होते. वार्षिक पडताळणीसाठी सुमारे साडेचार हजार ग्रंथांच्या किमतींची बेरीज हवी होती. यादी संगणकात होती. एका ओळीत एक ग्रंथ. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, वर्ष आणि किंमत असे पाच रकाने, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले. या मांडणीस 'सीएसव्ही' म्हणतात.

हाताशी 'ऑक' ही जुनी संगणकभाषा होती. १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ती तयार केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. तिची रीत साधी आहे. एक ओळ वाचायची, ठरलेल्या चिन्हापाशी तोडायची, तुकड्यांना क्रमांक द्यायचे आणि नेमून दिलेले काम करायचे. मी सांगितले, 'स्वल्पविरामापाशी तोड आणि पाचव्या तुकड्याची बेरीज कर.' यादीच्या आरंभी संतवाङ्मय होते. त्यांतील वीस ओळींची बेरीज मी हाताने पडताळून पाहिली. ती बरोबर आली. मग मी निर्धास्तपणे पूर्ण यादी दिली.

उत्तर आले पाऊण कोटीच्या पुढे! ग्रंथपाल सरांनी कागद पाहिला आणि चष्मा वर करून म्हणाले, "अगं, एवढे पैसे असते तर आपलं छप्पर गळलं असतं का?"

चूक शोधताना पुढील ओळ सापडली:

२१४,"नेमाडे, भालचंद्र",कोसला,१९६३,६०

(मूळ यादीत आकडे इंग्रजी अंकांत होते. देवनागरी अंक ऑक संख्या म्हणून ओळखत नाही. त्यांची किंमत ती शून्य धरते.)

ग्रंथालयात आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, असा प्रघात आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाची गरज पडली नाही, म्हणून माझी परीक्षा निर्विघ्न पार पडली. नेमाड्यांच्या ओळीचे मात्र पाचाऐवजी सहा तुकडे झाले. पाचव्या जागी वर्ष आले आणि साठ रुपयांऐवजी १९६३ रुपये बेरजेत गेले. ऑकने तक्रार केली नाही. तिने सांगितले तेच केले होते.

वास्तविक ओळीत खूण होती. अवतरणचिन्हांच्या आतील स्वल्पविराम हा मजकुराचा भाग, बाहेरील स्वल्पविराम ही रकान्यांची भिंत. हा संकेत २००५ साली आरएफसी ४१८० या टिपणात लिहून ठेवला गेला. म्हणून ओळ चिन्हापाशी तोडून भागत नाही. ती अक्षरशः वाचावी लागते. मी तसे केले. प्रत्येक अक्षर क्रमाने घ्यायचे आणि 'आत की बाहेर' एवढे लक्षात ठेवायचे. अवतरणचिन्ह आले की स्थिती पालटायची. स्वल्पविराम बाहेर भेटला तर रकाना संपला. आत भेटला तर तो अक्षरांसारखाच जपून ठेवायचा. आत असताना अवतरणचिन्ह लागोपाठ दोनदा आले, तर ते मजकुरातील एकच चिन्ह समजायचे. ओळ संपली तरी आपण आतच असलो, तर मजकूर पुढील ओळीत चालू आहे असे मानून ती जोडून घ्यायची.

२०२३ साली ऑकच्या मूळ आवृत्तीत आणि ग्नू ऑकमध्येही सीएसव्ही वाचण्याची सोय आली. ग्रंथालयातील जुन्या संगणकावर ती नव्हती, आणि नव्हती ते बरेच झाले असे आता वाटते.

दोन गोष्टी मी शिकले. पहिली व्यवहाराची: काम करण्यापूर्वी प्रत्येक ओळीचे तुकडे मोजावेत, आणि जिथे पाच भरत नाहीत त्या ओळी आधी छापून पाहाव्यात. एवढे केले असते तर पाऊण कोटीची नामुष्की टळली असती. शिवाय परीक्षेसाठी सोप्या ओळी निवडू नयेत. अवघड ओळीच चूक उघड करतात.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, ते कुठे उभे आहे यावर ठरतो. संस्कृतच्या तासाला पदच्छेद चुकला की श्लोकाचा अर्थ बिघडतो, हे आम्ही ऐकून सोडून देत होतो. माझ्या यादीत तेच घडले आणि चुकीची रक्कम थेट पडताळणीच्या अहवालात जाणार होती.

दुरुस्त बेरीज घेऊन गेले तेव्हा सरांनी आधी नेमाड्यांची ओळ काढायला सांगितली, साठ रुपये पाहिले आणि मगच सही केली.