कबुलीजबाब आणि आत्मकथन : ‘उचल्या’च्या वाचनासंबंधी एक विचार

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांविषयी लिहिताना आपल्या समीक्षेत ‘प्रांजळ’, ‘निर्भीड’, ‘कबुली’ हे शब्द वारंवार येतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’च्या (१९८७) बाबतीत ते अधिकच सहजपणे येतात, कारण चोरी हाच ज्यांचा धंदा ठरवला गेला त्या जमातीतील लेखक स्वतःच्या घराविषयी येथे बोलतो आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप यांपैकी ‘कबुली’ या एकाच शब्दाला आहे. हा शब्द साहित्यविचारातला नव्हे. तो ठाण्यातून आणि कचेरीतून आलेला आहे. ज्या माणसांना कबुलीजबाबाच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या तुरुंगात टाकले गेले, त्यांच्या लेखनाला आपण गौरवाने तोच शब्द लावतो, याचा विचार व्हायला हवा.

कबुलीजबाब हाही प्रथमपुरुषी निवेदनाचा एक प्रकार आहे, ही गोष्ट निवेदनतंत्राच्या अभ्यासात दुर्लक्षित राहते. मराठी पोलिसी जबाबाचा साचा बहुतेकांच्या परिचयाचा असतो. ‘मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ अशा धर्तीवर त्याची सुरुवात होते आणि जबाब वाचून दाखवला, तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, या मजकुराने शेवट. ‘विचारल्यावरून’ हा शब्द राहतो, पण प्रश्न मात्र कागदावर कोठेच उमटत नाही. कोणी विचारले, किती वेळा विचारले, विचारताना हातात काय होते, हे सारे त्या एका शब्दात गडप होते. उरतो तो ‘मी’. आणि हा ‘मी’ कधी स्वतःच्या बोलीत बोलत नाही. पारधी असो, कैकाडी असो वा उचल्या असो, सगळ्यांची भाषा एकच, कारकुनी प्रमाण मराठी. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा आणि ‘मी’ मात्र बोलणाऱ्याचा, अशी ही रचना आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत ‘वाचून दाखवला’ या शब्दांना किती अर्थ उरतो, हे सांगायला नको.

कायदा या रचनेविषयी पूर्वीपासून साशंक होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवली. मात्र कलम २७ने एक दार उघडे ठेवले : कोठडीतील माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या वस्तूशी स्पष्टपणे संबंधित तेवढा भाग ग्राह्य. निवेदन पंचनामा आणि त्यापाठोपाठ जप्ती पंचनामा ही जोडी येथूनच आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, २०२३, या तरतुदी कलम २३मध्ये एकत्र आल्या आहेत. तत्त्व तेच आहे.

या कथनप्रकाराचा वसाहतकालीन वाङ्मयाशी असलेला संबंधही पाहण्यासारखा आहे. फिलिप मेडोज टेलर हे निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी. पुढे नळदुर्गालाही त्यांचा मुक्काम होता. त्यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीतील अमीर अली हा माफीचा साक्षीदार असून तो आपली हकिकत एका ‘साहेबा’ला सांगतो. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८३६ साली, ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झाले की विशिष्ट गुन्हा शाबीत न होताही जन्मठेप द्यावी, असा कायदा कंपनी सरकारने केला होता. ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाची जागा ‘तू कोणांपैकी आहेस?’ या प्रश्नाने घेतली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच प्रश्न जन्माला चिकटवला. हा कायदा १९५२मध्ये रद्द झाला. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला आणि ठाण्यातील नजर फारशी बदलली नाही.

‘उचल्या’ वाचायचे ते या पार्श्वभूमीवर. लातूरजवळच्या धनेगावची ही कथा. आजोबांची हजेरी, रात्री-अपरात्री पडणारे छापे, बायकांनाही होणारी मारहाण, चोरी न करणाऱ्यालाही ठाण्यात खेचले जाणे : निरपराध माणसाला अपराधी कसे बनवले जाते याचे असे बारकाईचे चित्रण मराठीत क्वचितच आढळेल. परंतु माझ्या मते या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. धंद्यात उतरण्यापूर्वी मुलाला मार सोसण्याची तालीम दिली जाते. हाताच्या सफाईइतकेच महत्त्व या तालमीला, कारण पकडल्यावर साथीदारांची नावे तोंडातून निघता कामा नयेत. आपल्या घरातील मूल अक्षर गिरवते त्या वयात हे मूल न बोलायला शिकते. अभ्यासक या भागाकडे बहुधा ‘दाहक वास्तव’ म्हणून पाहतात आणि पुढे जातात. वस्तुतः येथे एका समाजाने कबुलीजबाब या संस्थेविरुद्ध उभारलेले शिक्षणशास्त्रच दिसते.

म्हणून हे आत्मकथन म्हणजे कबुली नव्हे. न बोलण्याची शिकवण मिळालेल्या समाजातील एक माणूस प्रथमच, कोणी न विचारता, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या घरच्या भाषेत बोलतो. जबाबात जो प्रश्न आणि जो मार गाळला जातो, तोच येथे मजकुराचा मुख्य भाग होतो. शिपाई, फौजदार, चोरीचा माल स्वस्तात घेणारे प्रतिष्ठित, सगळे पानावर येतात. गुन्ह्याचा तपशील दोन्हीकडे सारखा असेलही. पण जबाबातील ‘मी’ एकटा असतो आणि आत्मकथनातील ‘मी’ आपल्या आरोपकर्त्यांसह उभा असतो. कथनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. ‘प्रांजळ’ म्हणून पाठ थोपटताना आपण नकळत त्या साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर झालेल्या अत्यंत क्रूर हल्ल्याच्या खटल्यात भटक्या जमातींतील सहा मजुरांना २००६मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २००७मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांच्यापैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले. मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. शिक्षेचा मुख्य आधार साक्षीदारांनी पटवलेली ओळख हा होता. परंतु हल्ल्यातून वाचलेल्या एका साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नाही. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोपर्यंत सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

ते चार सोडून हेच सहा का, याचे उत्तर निकालपत्रात शोधणे व्यर्थ आहे; तो न्यायालयीन कथनाचा विषयच नसतो. ‘उचल्या’मध्ये मात्र एखाद्या चोरीनंतर पोलीस प्रथम कोणत्या वस्तीकडे वळतात, हे पुन्हापुन्हा येते. पदव्युत्तर वर्गात हे पुस्तक शिकवताना शेजारी त्या निकालपत्राची काही पाने ठेवावीत, आणि विद्यार्थ्यांना दोन्हींतील ‘मी’ कोठे बोलतो व कोठे त्याच्या वतीने बोलले जाते, एवढेच शोधायला सांगावे.