काटा अजून टायरातच असेल

प्रश्न : मी यवतमाळजवळच्या खेड्यातून लोहारा एमआयडीसीत सायकलने कामाला जातो. पंक्चर काढलं तरी दोन दिवसांत पुन्हा हवा जाते, वर चेनही उतरते. काय करावं?

उत्तर : पंक्चरवाल्याला बोल लावण्याआधी टायर आतून तपासा. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात. काटा टायरात मोडतो, ट्यूबला ठिगळ लागतं आणि टोक तिथंच राहतं. टायरात आतून कापसाचा बोळा फिरवा (आपल्या जिल्ह्यात त्याची काय वाण!). तंतू अडकले की काटा सापडला.

छिद्राची जागाही बघा. रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा किंवा खिळा. रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक किंवा सरकलेली रिमपट्टी. शेजारीशेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. छिद्र सापडतच नसेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावा. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी बदला. उन्हात ती लवकर चिरते.

ड्युटीच्या वेळी रस्त्यात ठिगळ लावत बसू नका. जादा ट्यूब, छोटा पंप आणि चाकाच्या नटांचा पाना सोबत ठेवा. पंक्चर संध्याकाळी काढा.

चेन बहुधा सैल असेल. मागचं चाक मागे सरकवून सरळ कसा. मधोमध दाबल्यावर ती अर्धा इंच हलावी. नव्या चेनच्या 24 कड्या 12 इंच भरतात. तीनेक मिलिमीटर जास्त भरल्या, तर बदलाच.