दाबाच्या नळांचे बोल्ट कसे आवळावेत?

पवनेकांठच्या पिंपळे गुरव येथें आतां शेतांच्या जागीं दाट वस्ती झाली आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी निघाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग भोसरीवरून चाकणपर्यंत गेली. शेतकऱ्यांच्या घरचे तरुण तेथें वाफेच्या व दाबाच्या यंत्रांवर राबतात. ज्यांची शेती राहिली आहे ते नदीवर पंप चालवितात. दोघांसही प्रश्न एकच पडतो: दोन नळांच्या चकत्या, म्हणजे फ्लँज, जोडणारे बोल्ट किती व कसे आवळावेत? ज्याच्या दंडांत बळ त्याचा सांधा पक्का, ही समजूत आमच्या मतें घातक आहे.

पाणी दहा मीटर चढविलें कीं तळाशीं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो दाब येतो. चढ ६० मीटर असेल व सांध्यांत पाण्याचा घेर १५ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर चकत्या फाकविणारा जोर हजार किलोंहून अधिक होतो. वीज जाऊन पाणी उलट आदळलें म्हणजे तो आणखी वाढतो. कारखान्यांत दाब ४० किलो असल्यास तेवढ्याच सांध्यावर सात टन!

बोल्ट म्हणजे वस्तुतः एक ताठ स्प्रिंग होय. आवळतांना तो केसभर ताणला जातो, व त्या ताणानेंच गॅस्केट दबून राहतें. परंतु पान्यावरील बहुतेक जोर नटाखालच्या व आट्यांच्या घर्षणांत जातो; ताणण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून गंजलेला नट हातास घट्ट लागला तरी बोल्ट सैलच असूं शकतो. आटे घांसून तेल द्यावें. टॉर्क पाना वापरणारांनीं मात्र त्याचा आंकडा कोरड्या बोल्टाचा कीं तेल दिलेल्याचा, हें आधीं पाहावें. कोरड्याचा आंकडा तेलकट बोल्टास लावल्यास तो नको तितका ताणतो. पान्यास नळीचा तुकडा अडकवून लांबी वाढवूं नये.

आठ बोल्टांचा क्रम १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ असा समोरासमोर धरावा. पहिल्या फेरींत तृतीयांश, दुसरींत दोन तृतीयांश, तिसरींत पूर्ण जोर. मग ओळीनें फिरून प्रत्येक नट पुन्हा तपासावा, कारण शेजारचा आवळला कीं आधींचा ढिला पडतो. (नळ मुळांतच तिरके असतील तर ते बोल्टांनीं ओढून आणूं नयेत; नळाचा टेकू बदलावा. उपशाच्या नळांवर हा दोष फार दिसतो.) गॅस्केट दबत जातें, यास्तव चार तासांनीं, दाब चढविण्यापूर्वींच, आणखी एक फेरी द्यावी.

गळती दिसतांच चालू दाबांत नट पिळणें ही संवय जिवावर बेतते. ताणलेला बोल्ट तुटला तर माणसास सरण्याची सवड मिळत नाहीं. यंत्र थांबवावें, दाब उतरवावा. सांधा सोडतांना आपल्यापासून दूरच्या बाजूचा नट प्रथम थोडा ढिला करावा, म्हणजे आंत उरलेली वाफ वा पाणी अंगावर न येतां पलीकडे निघून जातें. तें सर्व निघेपर्यंत एकही नट पुरता काढूं नये.